येडशी-रामलिंगची घळ आणि बार्शी लाईटची जुनी वाट : एक दिवसाची गट-भटकंती

बालाघाटी (धागाकर्ता)

मराठवाड्यात भटकायचं म्हटलं की सगळ्यांची गाडी अजिंठा, वेरूळ, देवगिरी नाहीतर अंतूरकडे वळते. बालाघाटाच्या डोंगररांगेच्या वाट्याला फार कमी जण येतात. म्हणून हा धागा.

धाराशिव जिल्ह्यात येडशीजवळ, सोलापूर-धुळे महामार्गाला लागून रामलिंगची घळ आहे. वरच्या पठारावरून पायऱ्या उतरून खाली गेलं की ओढ्याच्या काठी महादेवाचं देऊळ लागतं. रावणाशी झुंजून पडलेल्या जटायूला रामाने बाण मारून इथेच पाणी काढून दिलं, अशी कथा आहे, आणि जटायूची समाधीही दाखवतात. पावसाळ्यात कड्यावरून धबधबा कोसळतो. आजूबाजूचा डोंगर म्हणजे येडशी-रामलिंग घाट अभयारण्य. क्षेत्रफळ जेमतेम २२ चौ. किमी, घोषणा १९९७ ची.

बहुतेक लोक दर्शन घेऊन, धबधब्यापाशी फोटो काढून तासाभरात परततात. पण याच घाटातून बार्शी लाईट रेल्वेची नॅरोगेज जायची. तिचा भराव, कटिंगं आणि मोऱ्या अजून डोंगराच्या अंगावर आहेत. घळ आणि जुनी लाईन एका दिवसात जोडून केली तर साडेसहा कोटी वर्षांचा दगड आणि शंभर वर्षांची रेल्वे एकाच चालीत वाचता येते. या धाग्यात फक्त नियोजन, धोके आणि काय बघायचं एवढंच लिहू या.

माझ्या मते साचा असा ठेवावा. गट १५ चा, फार तर २० चा. सकाळी साडेसहाला येडशीत जमायचं, सातला चालायला सुरुवात. घळ आधी, रेल्वेची वाट नंतर, कारण ओढ्यातले दगड थंड डोक्याने आणि ताज्या पायांनी पार करायचे असतात. मोकळ्या भरावावर गट ताशी तीन किमी सहज चालतो. ओढ्याच्या पात्रात तोच गट ताशी एक किमीवर येतो. हिशोब या दुसऱ्या आकड्यावर करा. जाऊन-येऊन आठ-दहा किमीपेक्षा जास्त धरू नका. साडेअकराला जिथे असाल तिथून परत फिरायचं, हे निघण्यापूर्वीच सगळ्यांना सांगून ठेवा.

हंगाम ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर. श्रावणी सोमवार टाळा, देवळाकडे यात्रेची गर्दी असते. मार्च ते जूनमध्ये इथला काळा दगड दहा वाजताच तापतो, तेव्हा नको.

रूळदोस्त

चांगला विषय काढलात. रेल्वेबद्दल सविस्तर लिहितो, कारण आधी माहीत असेल तर भराव नुसता मातीचा बांध वाटत नाही.

बार्शी लाईट रेल्वे ही एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची. कंपनी १८९५ मध्ये लंडनला नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड (म्हणजे आजचं कुर्डुवाडी) ते बार्शी टाऊन हा सुमारे ३५ किमीचा तुकडा सुरू झाला. त्याआधी बार्शीच्या पेठेतला कापूस आणि गळिताचं धान्य बैलगाड्यांनी मेन लाईनपर्यंत जायचं. १९०७ मध्ये लाईन बालाघाट चढून तडवळ्यापर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. बार्शी तेव्हा ब्रिटिशांच्या सोलापूर जिल्ह्यात आणि येडशी-लातूर निजामाच्या राज्यात, त्यामुळे ही दोन राज्यांतून धावणारी लाईन होती. लातूरची पेठ पुढे एवढी वाढली त्यात या छोट्या गाडीचा वाटा मोठा. १९२७ ला मिरजेपर्यंत विस्तार झाल्यावर एकूण लांबी सव्वातीनशे किमीच्या आसपास गेली. १९५४ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिमी. कॅल्थ्रॉपचा मुख्य विचार असा : इंजिन असो, डबा असो की वॅगन, कुठल्याही ॲक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. तसं केलं की ३० पौंडी रूळ पुरतात, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलो. आजच्या ब्रॉडगेजचा रूळ मीटरला ५२ किंवा ६० किलोचा असतो. हलका रूळ म्हणजे हलका पूल, अरुंद भराव, कमी खर्च. पण घाट चढायला ताकद तर हवी. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीकडून ०-८-४ मांडणीची टाकीवाली इंजिनं घेतली. चार जोडलेले ॲक्सल ओढायला आणि मागचे दोन भार वाटून घ्यायला. सहा ॲक्सल गुणिले पाच, म्हणजे तीस टनांच्या आतलं इंजिन. चार ॲक्सलची बोगी वॅगन मालासकट वीस टनांच्या आत.

आता हे डोंगरावर कसं दिसतं? अरुंद गेजला कडक वळण चालतं. त्यामुळे लाईन डोंगर फोडत नाही, त्याच्या अंगाअंगाने वळत जाते. भरावावर चालताना वाट सतत वळते ती त्यामुळेच. रुळांखालचा आडवा स्लीपर साधारण पाच फुटांचा, तेव्हा माथा बैलगाडी जाईल इतकाच रुंद.

२००७-०८ मध्ये लाईन ब्रॉडगेज झाली. त्या वेळी ती धाराशिव शहराकडे वळवून घेतली. जुन्या लाईनवर शहर नव्हतंच. त्यामुळे घाटातला जुना मार्ग सुटला, रूळ उचलले गेले आणि भराव तसाच राहिला.

एक गोष्ट नीट समजून घ्या : चालायचं ते फक्त सोडलेल्या मार्गावर. ब्रॉडगेज चालू आहे. तिच्यावर चालणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि वळणावरच्या कटिंगमध्ये गाडीचा आवाज उशिरा येतो.

नवखी_पाऊलवाट

खूप छान माहिती. गटात साठीच्या दोन मावश्या आहेत. रेल्वेची वाट त्यांना झेपेल का? आणि जुनी लाईन नकाशावर शोधायची कशी?

रूळदोस्त

ताई, भरावाची वाट त्यांना नक्की झेपेल. वाफेच्या गाडीला ४० ला १ हा चढ म्हणजे भलताच अवघड, पण चालणाऱ्याला तो दीड अंशाचाही नसतो, सपाटच वाटतो. चढ मोजायची हौस असेल तर मोबाईलमधलं लेव्हल ॲप सरळ फळीवर ठेवून फळी भरावाच्या लांबीच्या दिशेने धरा आणि पाच-सहा ठिकाणची सरासरी काढा. एकाच ठिकाणच्या मापावर जाऊ नका, माती खचलेली असते. मावश्यांना खरा त्रास होईल तो देवळाच्या पायऱ्यांवर आणि ओढ्यात. त्यांनी घळ वगळून थेट भरावावर भेटावं.

लाईन शोधायला सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवरची नकाशाची शीट उतरवून घ्या. मग उपग्रहाचं चित्र उघडा. ओढे आणि पायवाटा वाकड्यातिकड्या असतात. रेल्वेचं वळण एकसारखं, कंपासने काढल्यासारखं असतं. दोन्ही बाजूंना बाभळी-बोरींची रांग आणि ओढ्यापाशी वाट अचानक तुटलेली दिसली की तिथे मोरी किंवा पूल होता असं समजा. काही ठिकाणी लोकांनी मुरमासाठी भराव उकरलाय, काही ठिकाणी शेतात मिसळलाय. तिथे बांधावरून वळसा घ्या, उभ्या तुरीतून किंवा ज्वारीतून जाऊ नका.

प्रत्यक्ष खूण म्हणजे खडी. ओढ्यातला दगड गोल असतो, रेल्वेची खडी कोनेदार, हाताने फोडलेली. या खडीत जुने लोखंडी खिळे अजून सापडतात. पातळ तळव्याच्या सपाता घालून कुणी येऊ नये.

मुरूम_माती

घळीबद्दल थोडं.

बालाघाट म्हणजे दख्खनचा बेसाल्ट. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, पण सगळे सारखे नाहीत. एक थर घट्ट, काळा, उभ्या भेगांचा. दुसरा भोकाभोकांचा, त्या भोकांत पांढरी खनिजं भरलेली. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी-तांबडा मऊ पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन त्याची झीज झाली, माती झाली आणि त्यावर पुढचा लाव्हा आला. त्या उष्णतेने भाजलेली ती माती.

घळ तयार होते ती या फरकामुळे. पाणी वरच्या घट्ट थरावरून पडतं आणि खालचा मऊ थर पोखरतं. वरच्या थराचा आधार गेला की तो उभ्या भेगांवर तुटून ठोकळ्यांनी खाली येतो. असं करत धबधबा हळूहळू मागे सरकतो आणि पुढे घळ लांबत जाते. धबधब्याच्या पायाशी जे घनाकार दगड पडलेत ते याच कड्याचे तुकडे. म्हणून कपारीत, कड्याच्या पुढे आलेल्या ओठाखाली गट बसवू नका. पावसानंतरचे दोन-तीन दिवस तर अजिबात नको.

झरे बघायचे असतील तर तांबड्या पट्ट्याच्या वरच्या रेषेत बघा. वरच्या भेगांतून आलेलं पाणी या चिकट थरावर अडतं आणि आडवं बाहेर येतं. ऑक्टोबरात कडा कोरडा आणि तेवढीच एक रेघ ओली, वर नेचे आणि शेवाळ, असं चित्र दिसतं. कोरड्या दिवसात हे शेवाळ हाताला मऊ लागतं आणि बुटाखाली साबणासारखं सुटतं.

घसरण्याचं दुसरं कारण मुरूम. सपाट दगडावर बारीक मुरमाचे खडे पसरलेले असतात आणि पाय त्यांच्यावरून निसटतो. उतरताना पाऊल आडवं टाका, टाच रोवू नका.

एक आवर्जून बघा. रेल्वेच्या कटिंगमध्ये हेच थर कापलेले दिसतात. जिथे घट्ट थर लागला तिथे भिंत उभी आहे आणि सुरुंगाची अर्धी नळी दगडात उरलेली असू शकते. जिथे मऊ थर लागला तिथे भिंत तिरकी घेतलीय किंवा ढासळलीय. म्हणून कटिंगमधून जाताना मधोमध चाला, भिंतीच्या पायाशी विसावा घेऊ नका.

आणि भूगोलाचं एक सांगायचं राहिलं. बालाघाट हा गोदावरी आणि भीमा या दोन खोऱ्यांमधला दुभाजक. तेरणेचं पाणी मांजरेतून गोदावरीला, म्हणजे आंध्राच्या किनाऱ्याला. भोगावती-सीनेचं पाणी भीमेतून कृष्णेला.

पांढरी खनिजं उचकटून घरी नेऊ नका. अभयारण्य आहे, गुन्हा होतो.

सलई_धावडा

परवानगीचं वर कुणी लिहिलं नाही आणि तेच सगळ्यात आधी यायला हवं होतं.

देवळापर्यंतची वाट भाविकांची आहे, तिथे अडचण नाही. पण जंगलात आणि घाटातल्या भरावावर गट न्यायचा तर वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वनविभागाची परवानगी लागते. किमान आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या : गटप्रमुखाचं नाव, माणसांची संख्या, तारीख, आत जायची-बाहेर यायची वेळ आणि नकाशावर आखलेली वाट. सोबत वनमजूर किंवा वाटाड्या मागा. ड्रोन, स्पीकर, चूल यांना परवानगी नसते, विचारूही नका.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्याच्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किमी चालत आलेला तरुण नर. एवढ्याशा जंगलात, शेतांनी वेढलेल्या डोंगरात वाघ येतो याचा अर्थ नद्या, ओढे, झुडपी डोंगर यांची सलग वाट अजून शिल्लक आहे. मराठवाड्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण गटासाठी याचा अर्थ सरळ आहे : निघण्याच्या आदल्या दिवशी वनविभागाला फोन करून सध्याची हालचाल विचारायची, आणि त्यांनी नको म्हटलं तर जायचं नाही. वनविभागाची हेल्पलाईन १९२६. बिबट्या, तरस, लांडगा, रानडुक्कर हे बालाघाटाचे कायमचे रहिवासी. पहाटे आणि संध्याकाळनंतर जंगल त्यांचं. मुलं गटाच्या मधोमध ठेवा, एकट्याला आडोशाला पाठवू नका, दोघं जा.

झाडं म्हणाल तर कोरडं पानझडी रान : सलई, धावडा, पळस, खैर, हिवर, बोर आणि भरपूर सीताफळ. घाणेरीने भरावाच्या कडा बऱ्याच गिळल्यात, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. ऑक्टोबरनंतर कुसळी गवत पिकतं. त्याचं टोक भाल्यासारखं असतं आणि मोज्यातून आत शिरतं. जाड कापडाची पँट मोज्यांवरून खाली सोडा किंवा गेटर वापरा. लोकरी मोजे नकोत.

देवळाजवळच्या माकडांना काही देऊ नका. त्यांना कॅरीबॅगचा आवाज कळतो. डबा सॅकच्या आत, हातात काही नको.

पाणवठा

धबधब्याच्या डोहात पोहता येईल का? पोरं विचारताहेत.

मुरूम_माती

नको. डोहाचा तळ दिसत नाही, खाली तुटलेले ठोकळे आहेत आणि कडेची कपार आत पोखरलेली असते. वरून पाणी पडत असताना डोहातल्या पाण्याची ओढ माणसाला पुन्हा पडणाऱ्या पाण्याखाली नेते.

पुराचंही सांगतो. घळीत ऊन असलं तरी वर पठारावर पाऊस पडत असू शकतो. उघडा दगड पाणी मुरवत नाही, ते थेट खाली येतं. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पालापाचोळा वाहत आला किंवा आवाज बदलला की सामान न बघता दोन्ही काठांपैकी जवळच्या काठाने वर चढा. ओढा ओलांडायला जाऊ नका. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर तिथूनच परत.

सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याकडे दुपारनंतर विजा पडतात. भराव ही उघडी आणि उंच रेघ. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीसपेक्षा कमी सेकंद मोजून झाले तर वीज दहा किमीच्या आत आहे. भरावावरून खाली उतरा, एकट्या झाडापासून लांब, एकमेकांत अंतर ठेवून थांबा. म्हणूनच दुपारी दोनच्या आत गाडीपाशी पोचा.

औषधपेटी

गटासाठी सगळ्यात मोठा धोका वाघ नाही. आग्या मोहोळ.

कड्याच्या कपारी, उंच झाडं आणि पुलाच्या कमानी या त्यांच्या आवडत्या जागा, म्हणजे आपल्या वाटेवरचीच ठिकाणं. पूल किंवा कडा आला की गट शंभर पावलं अलीकडे थांबवा. पुढच्याने दुर्बिणीने बघावं. काळपट, अर्धगोल पोळं दिसलं की आवाज बंद, एकेक करून किंवा वळसा घालून पुढे. अत्तर, सुवासिक तेल, विडी-सिगारेट आणि शेकोटी नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड आणि मान ओढणीने-टॉवेलने झाका आणि थांबू नका, निदान दोन-तीनशे मीटर पळा. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, त्या वर घिरट्या घालतात. नांगी नखाने किंवा कार्डाने खरवडून लगेच काढा. कशाने काढता यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर गांधी उठणं यातलं काहीही दिसलं तर गोळी देऊन वाट बघू नका, १०८.

साप : फुरसं आणि घोणस दगडांच्या सापटीत, खडीत असतात. न बघता हात टेकवू नका, बसण्यापूर्वी काठी आपटा. चावलाच तर आवळपट्टी, चिरा देणं, चोखणं काही नाही. अंगठी-कडं काढा, हातपाय फळीला बांधून स्थिर करा, माणसाला चालवू नका, उचलून रस्त्यापर्यंत आणा आणि धाराशिवच्या सरकारी रुग्णालयात थेट न्या.

पाणी माणशी तीन लिटर. ओढ्याचं पाणी वर गुरं-माकडं असल्याने पिऊ नका. ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरात घातलं तर उलट त्रास होतो. गटासाठी पेटीत : पाकिटं दहा, सहा इंची क्रेप बँडेज चार, गॉज, चिकटपट्टी, सेट्रिझिन, चिमटा, कात्री, एक चादर. चादरीची झोळी होते. दमेकऱ्यांचे पंप त्यांच्याच खिशात हवेत, मागे राहिलेल्या सॅकमध्ये नकोत.

बालाघाटी

सलई, परवानगीचा मुद्दा पटला, नियोजनात तोच सगळ्यात आधी. औषधपेटी, तुमची यादी सगळ्यांनी जशीच्या तशी घ्यावी.

गटाच्या शिस्तीचं थोडं. पुढे वाट माहीत असलेला एक, शेवटी एक, मधे एक. शेवटच्याच्या पुढे सगळे. तिघांकडे शिट्ट्या : एक लांब म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे अडचण. घळीत मोबाईलला रेंज येईलच असं नाही. १० मिमी जाडीचा २० मीटर दोर पुरे, ओल्या टप्प्यावर हाताला धरायला. झाडाला बांधायचा तर जिवंत, मनगटापेक्षा चांगलं जाड झाड बघा. सलईची फांदी ठिसूळ असते, तिला नको.

डब्यात धपाटे सगळ्यात बरे, दिवसभर टिकतात. सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. दही उन्हात आंबतं.

गडवेडा_धाराशिव

एक सुचवू का? त्याच दिवशी नळदुर्गही जोडा. बोरी नदीच्या दगडी पात्रात आदिलशाहीने १६१३ मध्ये धरण बांधून त्याच्या पोटात पाणीमहाल केला. सांडव्यावरून पाणी पडतं तेव्हा महालात कोरडं बसून समोर पाण्याचा पडदा बघता येतो. नर-मादी धबधबे म्हणतात. पाणी आणि बेसाल्ट यांचं बांधकाम म्हणून तोडीस तोड.

बालाघाटी

नळदुर्ग सुंदरच, पण येडशीहून सत्तरएक किमी. घळीतून दमलेला गट घेऊन दुपारी तिथे पोचायचं म्हणजे घाईघाईत पळापळ, आणि तो किल्ला घाईत बघायचा नाही. दुसरा दिवस ठेवा, तुळजापूरला मुक्काम करून.

रूळदोस्त

जुन्या पुलांबद्दल राहिलं होतं. गर्डर उरला असेल तरी त्यावरून चालायचं नाही, कितीही भक्कम दिसो. खालून जा. दगडी पायाच्या सांध्यांत वड-पिंपळाची मुळं शिरलेली असतील तर त्या बाजूला उभंही राहू नका, मुळं चिरे बाहेर ढकलतात. मोरीच्या तोंडाशी भराव आतून वाहून गेलेला असतो आणि वरून गवताने झाकलेला असतो. काठीने टोचून मग पाय.

आणि एक मनापासून. याच कॅल्थ्रॉपने नंतर इंग्लंडात मॅनिफोल्ड नदीच्या घळीतून ह्याच गेजची लाईन बांधली, १९०४ ची. ती १९३४ ला बंद पडली. तिथल्या लोकांनी रूळ काढले आणि १९३७ पासून तो मार्ग पायी चालणाऱ्यांना मोकळा केला. आजही चालतात. आपल्या घाटातल्या भरावाला मात्र ट्रॅक्टर लावून मुरूम काढला जातोय. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ती या जुन्या लाईनच्याच वारसदारावरून. एवढा इतिहास असलेल्या वाटेवर निदान ‘इथे बार्शी लाईटची लाईन होती’ असा एक फलक असावा. कोणत्या मोऱ्या शाबूत आहेत, भराव कुठे उकरलाय, कुठे वाट शेतात गेलीय, याची नोंद प्रत्येक गटाने अक्षांश-रेखांशासकट या धाग्यावर टाकली तर ग्रामपंचायत आणि वनविभागाकडे अर्ज करताना हातात काहीतरी असेल.

नवखी_पाऊलवाट

आम्ही नोंद ठेवू. फोटोत माप कळावं म्हणून काय धरायचं?

रूळदोस्त

मीटरची टेप दगडाला लावून. मोरीची रुंदी, उंची, कमान की सपाट छप्पर, आणि चिऱ्यावर आकडा किंवा खूण कोरली असेल तर तिचा उन्हाच्या तिरक्या प्रकाशात एक वेगळा फोटो. खडूने घासू नका.